जाणाऱ्यांचा मान

पोळ्याने श्रावणाची सांगता होते आणि भाद्रपद उजाडताच घरे माणसांनी भरू लागतात. आमच्या इस्लापूरच्या परिसरात या दिवसांना उसंत म्हणून नसते. सोयाबीनला शेंगा धरलेल्या, कापूस पात्या-फुलांवर आलेला, आणि सागाच्या रानातून उतरणारी सर केव्हा गाठील याचा नेम नाही. तिकडे सहस्रकुंडाला पैनगंगा गढूळ होऊन कोसळत असते. आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी, दुसऱ्या दिवशी पोळा, मग हरतालिका, चतुर्थीस गणराय, ऋषिपंचमी, आणि तेवढ्यात अनुराधा नक्षत्र येऊन उभे राहते. महालक्ष्म्यांचे आवाहन होते. आज ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन व महानैवेद्य; उद्या मूळ नक्षत्रावर विसर्जन.

अलीकडे या धांदलीत आणखी एक धांदल मिसळली आहे. उच्च शिक्षणाच्या प्रवेशफेऱ्या आता श्रावण-भाद्रपदापर्यंत लांबतात. नोकरीवर रुजू होण्याची पत्रेही याच सुमारास येतात. त्यामुळे घराच्या एका कोपऱ्यात महालक्ष्म्यांच्या कोठ्या घासूनपुसून ठेवलेल्या असतात, तर दुसऱ्या कोपऱ्यात उघडी बॅग पडलेली असते. एकीकडे पुरण शिजते, दुसरीकडे दाखल्यांच्या झेरॉक्स प्रती मोजल्या जातात. यंदा आमच्याही घरी हेच दृश्य आहे. थोरला पुण्यास नोकरीवर रुजू होणार, धाकटी छत्रपती संभाजीनगरास शिकावयास जाणार. अनंतचतुर्दशी झाली की घरात तीन माणसे उरतील : आम्ही उभयता आणि आमच्या मातोश्री.

हे केवळ आमच्या घरचे गाऱ्हाणे असते, तर वर्तमानपत्राचा रकाना त्यासाठी अडवला नसता. परंतु किनवटपासून लातूरपर्यंत आज असे घर विरळा, की ज्या घरातून कोणी बाहेर पडत नाही. म्हणूनच या सणाच्या निमित्ताने एक विचार मांडावासा वाटतो. महालक्ष्म्यांच्या येण्याचे कौतुक आपण मनापासून करतो. त्यांच्या जाण्यातून घ्यावयाचा धडा मात्र आपण घेतलेला नाही.

पाहा, या सणाची रचना किती विचारपूर्वक केलेली आहे. पहिला दिवस येण्याचा. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत हळदीकुंकवाची पावले काढायची, ताट वाजवीत मुखवटे आत आणायचे, घरातली प्रत्येक खोली, धान्याची कणगी, दुभत्याची जागा त्यांना दाखवायची. दुसरा दिवस जेवणाचा. सोळा भाज्या, पुरणपोळी, ज्वारीच्या पिठाची आंबील, वर टांगलेला फुलोरा. सोळावी भाजी मिळता मिळत नाही. मग शेजारच्या वेलावरचे एक दोडके मागून आणायचे आणि त्यांना आपल्या परसातली अंबाडी द्यायची. आणि तिसरा दिवस जाण्याचा. तोही तितक्याच निगुतीने पार पाडावयाचा. दहीभाताचा नैवेद्य, सोळा गाठींचा दोरा, हळदीकुंकू, आणि पुन्हा येण्याचे आमंत्रण. कोणत्याही घरी महालक्ष्म्यांना ‘आणखी दोन दिवस राहा’ असा आग्रह होत नाही. ज्या घराने सोळा भाज्यांसाठी गाव पालथे घातले, तेच घर ठरलेल्या नक्षत्रावर देवींना प्रसन्न मुखाने निरोप देते. त्या रडून जात नाहीत, आणि त्यांना कोणी रडवतही नाही.

आपल्या भाषेनेही येथे एक खूण ठेवली आहे. सासरी गेलेल्या लेकीला सणासाठी आणावयास जे माणूस धाडतात त्यास ‘मूळ’ म्हणतात, आणि महालक्ष्म्या ज्या नक्षत्रावर जातात तेही मूळच. बोलावणे आणि जाणे एकाच शब्दात नांदतात. झाडाचे मूळ तर आपण जाणतोच. ते जागचे हलत नाही म्हणूनच फांदीला दूरवर जाता येते.

आता आपल्या वागण्याकडे वळू. मूल निघावयाचे ठरले की आपण काय करतो? महिनाभर त्याच्या आवडीचे पदार्थ करतो; ते योग्यच आहे. पण त्या प्रत्येक पदार्थाबरोबर एक वाक्यही वाढतो : ‘खाऊन घे, तिथे कोण करून घालणार?’ नातलग येतात आणि विचारतात, ‘आता आईबापांकडे कोण पाहणार?’ आणि गाडीत बसण्याच्या वेळी, बॅग उचललेली असताना, घरातले वडीलधारे माणूस हमखास म्हणते, ‘आम्ही आता किती दिवसांचे?’ आमचे स्पष्ट मत असे, की निरोपाच्या वेळी हे वाक्य उच्चारू नये. त्यात माया असते, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि ती माया ऋणाच्या चिठ्ठीसारखी मुलाच्या खिशात घातली जाते, आणि पुढे प्रत्येक सणाला ते मूल भेटावयास न येता हप्ता फेडावयास येते. ज्याला रजा मिळत नाही ते अपराधी होऊन फोनही करीत नाही. देवीला आपण मोकळ्या मनाने निरोप देतो म्हणून ती दरवर्षी येते, एवढे तरी ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, देव आणि लेकरू यांत अंतर आहे. देवी पंचांगाप्रमाणे येणारच, मुलाचा भरवसा काय? आक्षेप खोटा नाही. पण या भूमीतली एक कथा त्याला उत्तर देते. आमच्यापासून फार दूर नसलेल्या माहूरच्या गडावर रेणुकामातेचे जे दर्शन होते, ते केवळ मुखाचे आहे. मातेच्या वियोगाने शोक करणाऱ्या परशुरामास आज्ञा झाली, की तुझी आई भूमीतून प्रकट होईल, तू मात्र मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवले नाही. त्याने वळून पाहिले, तोवर मुखच तेवढे वर आले होते. सांगणारे यातून आज्ञाभंगाचा बोध काढतात. आम्हांस दिसते ते हे, की वळून पाहू नकोस असे सांगितले तरी लेकरू वळून पाहते. आणि त्याने पाहिले म्हणून माता कोपली नाही. जेवढी वर आली होती, तेवढी तेथेच दर्शनासाठी राहिली. साडेतीन पीठांतील हे एक पूर्ण पीठ एका मुखाच्या दर्शनावर उभे आहे. आपल्या घरच्या महालक्ष्म्यांचेही मुखवटेच तर असतात. तेव्हा मूल वर्षातून चार दिवसच आले, तर तेवढ्या दर्शनाला अपुरे म्हणू नये.

दूर जाण्याने नाते तुटते, असेही कोणी समजू नये. आमचे इस्लापूर याची साक्ष देईल. निजामी राजवट 1948 साली संपली, तरी हे मंडळ आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातच होते. राज्यपुनर्रचनेच्या कायद्यात इस्लापूर मंडळाचा नावानिशी उल्लेख आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी ते त्या तालुक्यातून निघून मुंबई राज्यात आले, आणि 1960 पासून महाराष्ट्राचे झाले. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे घर बदलले. आमच्या एका आत्याला त्यापूर्वीच बोथला दिलेले होते. एके दिवशी तिचे माहेर परराज्यात गेले. म्हणून काय भाद्रपदात तिला मूळ जावयाचे थांबले? सीमा बदलल्या, पंचांग तेच राहिले.

आणि येथे आम्हांस एक कबुलीही दिली पाहिजे. घरातून माणूस जाणे ही आजची गोष्ट नव्हे. लेकी पूर्वापार जात आल्या. आमच्या मातोश्री सोळाव्या वर्षी माहेर सोडून या घरी आल्या. त्यांच्या जाण्यावर कोणी लेख लिहिला नाही. भोवतालच्या तांड्यांवर बंजारा समाजाच्या कुमारिका श्रावणात तीजेसाठी दुरड्यांत गहू पेरतात, पाणी घालून अंकुर वाढवतात आणि मग ते स्वहस्ते पाण्यात सोडतात; वाढवावयाचे आणि सोडावयाचे, हे शिक्षण मुलींना लहानपणापासून मिळत आले. आता मुलगेही जाऊ लागले, तेव्हा कोठे घराला घर ओस पडल्याची जाणीव झाली. ही जाणीव उशिरा आली, पण आली हे बरे झाले. आता निरोपात मुलगा-मुलगी हा भेद ठेवू नये. दोघांच्याही हातावर दही ठेवावे आणि दोघांनाही सारखाच आशीर्वाद द्यावा.

राहिला प्रश्न कुलाचाराचा, आणि खरी चिंता तीच आहे. मुले गेली, वडीलधारी थकली, तर महालक्ष्म्या कोण बसवणार? परवा रात्री भाज्या निवडताना हाच विषय निघाला. थोरला म्हणाला, “आजी, पुढल्या वर्षी सुट्टी मिळेल की नाही, सांगता येत नाही. मी तिकडेच बसवू का?”

मातोश्रींनी मान न उचलता सांगितले, “दोघी बहिणी आहेत त्या, बाबा. एक इथं अन् एक तिथं, असं व्हायचं नाही.”

धाकटी म्हणाली, “आजी, कोकणस्थांकडे खड्यांच्या गौरी असतात. पाणवठ्यावरचे खडे आणून पुजतात.”

“त्यांच्यात असतात. आपल्यात नसतात.”

पुढे कितीतरी वेळ गवारीच्या शिरा काढल्या जात होत्या. कोणी बोलले नाही. मग मातोश्रीच म्हणाल्या, “त्या दिवशी वरण-भात कर, निवद दाखव, अन् इकडं तोंड करून हात जोड. पोचतं ते.”

यापुढे शास्त्रार्थ करण्याची आम्हांस गरज वाटत नाही. कुलाचार घरोघर निराळा असतो. कोणाकडे उभ्या महालक्ष्म्या, कोणाकडे खड्यांच्या, कोणाकडे तेरड्याच्या. देवी सर्वत्र एकच मानली आहे. ज्यांना जमेल त्यांनी सर्व सोळा भाज्या कराव्यात. ज्यांना जमणार नाही त्यांच्या वरण-भाताला कमी लेखू नये. मात्र वडीलधाऱ्यांनी एक काम आजच करावे. आपल्या घरची रीत, कोठी कशाने भरतात, मुखवटे कोणत्या दिशेला ठेवतात, दोऱ्याला गाठी कशा घालतात, हे सारे एका वहीत लिहवून घ्यावे. आणि ती वही सुनेलाच नव्हे, मुलालाही द्यावी. लुगडे नेसवताना मुलाने मिऱ्या धरल्या तर देवी रुसत नाही. आमच्या थोरल्याने यंदा धरल्या. फार चांगल्या जमल्या असे म्हणता येणार नाही. मातोश्रींनी दोनदा सोडून पुन्हा घालावयास लावल्या. पण आता त्याच्या हाताला ती घडी ठाऊक झाली आहे.

आज घराघरांत पाने मांडली जातील, आरती होईल. आज पोटभर माया करावी. उद्या मूळ नक्षत्रावर देवींना निरोप देताना, आपल्या निघालेल्या लेकरांनाही शेजारी उभे करावे. जो मंत्र पुन्हा येण्याचे निमंत्रण देऊन देवतेला मार्गस्थ करतो, तो त्यांच्याही कानी पडू द्यावा. आणि मग त्यांना जाऊ द्यावे. कोठ्या माळ्यावर जातील, मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले जातील. घर शांत होईल. त्या शांततेला अवकळा म्हणू नये. पुढच्या अनुराधेपर्यंत ते घर वाट पाहणारे घर असते, आणि वाट पाहणे हीही आपल्या धर्मात उपासनाच मानली आहे.