मराठीची ओळ आधीच घाला

सीमाभागात मराठीचा प्रश्न निघाला की आपले लक्ष पाट्यांकडे, उताऱ्यांकडे आणि बसच्या फलकांकडे जाते. ते योग्यच आहे. पण शाळेच्या संगणकावरून मराठी पुसली जाते, तिकडे कोण पाहतो?

आमच्या भागातील एका मराठी शाळेत हेच घडले. गुरुजींनी वीस संगणकांवर एकेक करून मराठी कळफलक सुरू केला. मुले मराठीत निबंध लिहू लागली. सुट्टीत सर्व संगणकांवर सॉफ्टवेअर नव्याने बसवले गेले. शाळा उघडली तेव्हा मराठी गायब!

यात कुणाचा द्वेष नव्हता. नेटवर्क सांभाळणारा माणूस प्रत्येक यंत्रापुढे बसत नाही. भाषा कोणती, कळफलक कोणता, वेळ कुठली, या प्रश्नांची उत्तरे तो एका फाइलीत लिहून ठेवतो. यंत्र विचारते, फाइल उत्तर देते. विंडोजमध्ये तिला उत्तरांची फाइल म्हणतात, डेबियन लिनक्समध्ये प्रीसीड. त्या फाइलीत मराठी नसेल, तर गुरुजींची मेहनत पुढच्या सुट्टीपर्यंतच टिकणार.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये मराठी कळफलक मुळातच असतो. फाइलीतल्या यादीत इंग्रजी व कन्नडबरोबर त्याचे नाव घालायचे. लिनक्समध्ये देवनागरी फॉन्टही यादीत घालावा. बदललेली फाइल आधी एका यंत्रावर चालवून पाहावी, मगच बाकीच्यांवर. ही ओळ का घातली, हेही फाइलीतच लिहून ठेवावे, म्हणजे उद्या नवा माणूस आला तरी ती काढणार नाही.

यात कन्नडला धक्का नाही. इन्स्क्रिप्ट कळफलकाची रचना भारतीय लिप्यांना सामाईक आहे. कन्नडचा ‘क’ आणि मराठीचा ‘क’ एकाच कळीवर आहेत. दोन्ही भाषा एका यंत्रावर सुखाने नांदतात.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय व्हावी, असे घटनेचे कलम ३५०क १९५६ सालापासून सांगते. आज त्या शिक्षणात संगणकही आला. तेव्हा शाळा सुधारणा समितीच्या पालकांनो, पुढची सुट्टी लागण्याआधी एक लेखी अर्ज द्या. मोर्चा नको, वर्गणी नको. फाइलीत मराठीची एक ओळ हवी. ती मागितल्याशिवाय मिळणार नाही.