रडलात पुष्कळ, ऐकलेत काय?

दिवाळी अंकात मरणाचा विषय पाहून घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतील, हे मला ठाऊक आहे. त्यांना माझा एकच प्रश्न. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून जो दिवा आपण ठेवतो, तो कोणासाठी? आणि भाऊबीजेचे पंचांगातले नाव काय? यमद्वितीया! सणाच्या दोन्ही टोकांना यमाला पाट मांडणाऱ्यांनी माझ्या लेखाचा विटाळ मानू नये.

विषय आहे राजेश खन्ना यांच्या मरणांचा. खरे मरण एकच, १८ जुलै २०१२ चे. पण त्याआधी हा माणूस पडद्यावर किती वेळा मेला! ‘आराधना’त (१९६९) वैमानिक होऊन, ‘सफर’मध्ये (१९७०) कर्करोगाने, ‘अंदाज’मध्ये (१९७१) मोटारसायकलवरचे गाणे संपते न संपते तोच, त्याच साली ‘आनंद’मध्ये पुन्हा कर्करोगाने, पुढे ‘नमक हराम’मध्ये (१९७३), आणि ‘अवतार’मध्ये (१९८३) केस पिकवून. ‘नमक हराम’मध्ये शेवटी कोणी मरायचे यावरून म्हणे बरीच ओढाताण झाली, आणि मरण खन्नांनी पदरात पाडून घेतले. मरणारा प्रेक्षकांचे काळीज घेऊन जातो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. गिरगावकर तर त्यांच्यासाठी हक्काने रडत; कारण ठाकूरद्वारला वाढलेला, सेंट सेबॅस्टियन गोवन हायस्कुलात शिकलेला हा जतीन खन्ना त्यांच्या गल्लीतलाच. (त्याच शाळेतला रवी कपूर पुढे जितेंद्र झाला, पण तो मरण्यापेक्षा नाचण्यातच अधिक रमला!)

या सगळ्या मरणांत ‘आनंद’चे मरण लोकांच्या मनात घर करून बसले, आणि विद्वानांचा राग आहे तोही त्याच्यावरच. ते म्हणतात, हे खोटे आहे. आतड्याच्या कर्करोगाचा रोगी असा गात-हसत फिरतो? त्याला ओकारी होत नाही, त्याचा भांग विस्कटत नाही! विद्वानांनी परळला जाऊन यावे, असे मीही म्हणतो. १९४१ साली उघडलेल्या टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर, दादरच्या गाडगेमहाराज धर्मशाळेच्या ओवरीत, एक्स-रेची पाकिटे उशाला घेऊन बसलेली गावोगावची माणसे त्यांना दिसतील. तिथे भांग कोणाचाच जागेवर नसतो. एवढे मी मान्य करतो.

पण खोटेपणा शोधायचा तर तो थिएटरात कशाला शोधता? घरात शोधा!

हृषीकेश मुखर्जींनी केले काय ते पाहा. चित्रपट सुरू होतो तेव्हाच आनंद मरून गेलेला आहे. डॉक्टर भास्करने त्याच्यावर पुस्तक लिहिले आहे आणि त्याला बक्षीस मिळते आहे. म्हणजे प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत खरे सांगून टाकले. आणि आनंदला? त्याला कोणी सांगावे लागतच नाही. लिम्फोसार्कोमा हे जीभ न वळणारे नाव तो एखाद्या थोर घराण्याचे आडनाव सांगावे तसे मिरवीत सांगतो. रमेश देवांचा डॉक्टर प्रकाश कुलकर्णी धनिकांना नसलेल्या रोगांची औषधे देतो, यावर आपण हसतो. आपल्या घरांत नेमके उलटे चालते. असलेल्या रोगाला आपण नसलेला म्हणतो, आणि त्याला प्रेम हे नाव देतो.

माझ्या मोठ्या मावशीचे यजमान, आमचे अण्णा, लालबागला राहत आणि गिरणीच्या साचेखात्यात होते. मी तेव्हा शाळेत होतो. परळच्या फेऱ्या सुरू झाल्या तेव्हा थोरामोठ्यांची बैठक होऊन ठरले, की अण्णांना ‘अल्सर’ सांगायचा. चाळीतल्या पोरांनाही खरे नाव ठाऊक होते; अण्णा खोलीत आले की कोणीतरी रेडिओ मोठा करी. अण्णांचे मागणे एकच होते. कोकणात जाऊन भावाशी जमिनीची बोलणी करायची होती. “बरे वाटले की जाऊ,” असे सगळे म्हणत. सहा महिन्यांनी ते गेले, कोकण राहिले. नंतर रेशनकार्डाच्या पिशवीत एक चिठ्ठी सापडली. इंग्रजी न येणाऱ्या अण्णांनी केसपेपरावरचे रोगाचे नाव एकेक अक्षर गिरवून उतरवून घेतले होते. कोणाकडून तरी वाचून घेतले असणारच. कोणाकडून, ते आजतागायत कळले नाही. घरचे त्यांना सांभाळीत नव्हते, तेच घरच्यांना सांभाळीत होते! त्याच मावशीने पुढे दूरदर्शनवर ‘आनंद’ पाहताना पदर भिजवला.

“खरे सांगितले तर माणूस हाय खाईल,” हे उत्तर ठरलेले. खाईलही. पण गुपचूप चिठ्ठी उतरवून घेणाऱ्याने हाय खाल्ली नसेल, असे तुम्हाला कोणी सांगितले? शिवाय हाय खाण्याआधी त्याला मुलीचे लग्न ठरवायचे असेल, बँकेत सह्या करायच्या असतील, भावाशी धरलेला अबोला सोडायचा असेल. ‘अल्सर’ झालेला माणूस ही कामे पुढच्या वर्षावर टाकतो.

खुद्द राजेश खन्नांच्या शेवटच्या आजारात बातम्यांतून आपण वाचीत होतो तो अशक्तपणा. कर्करोग हा शब्द सर्वतोमुखी झाला तो ते गेल्यावर. त्याबद्दल माझी तक्रार नाही. जगाला काय सांगावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. माझे भांडण आहे ते रोग्यालाच वगळून भरणाऱ्या त्या बैठकीशी.

तेव्हा डॉक्टरांच्या समोरची खुर्ची आधी रोग्याला द्या. किती ऐकायचे आहे, हे त्यालाच विचारू द्या. “नको,” म्हणाला तर तिथेच थांबा. पण जो मुलगा डॉक्टरांना दाराआड गाठून “बाबांना काही सांगू नका” म्हणतो, त्याने रात्री घरी येऊन ‘आनंद’ पाहत डोळे पुसू नयेत.