बांधा, नाहीतर विका!



दहावीची परीक्षा महिन्यावर आली असताना आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाला घर खाली करायला सांगितलं गेलं. नवरा किराणा दुकानात कामाला, बायको शिवणकाम करते, दोन लेकरं. भाडं कधी थकलं नव्हतं, शेजारपाजारी कधी वाजलं नव्हतं. मालकाने जागा विकली, एवढंच. घेणाऱ्याला घर नको होतं, नुसती जागा हवी होती. त्याने घर पाडलं, पत्रे आणि चौकटी भंगारात घातल्या, चारी बाजूंनी तार ओढली आणि फाटकाला कुलूप लावलं. माणसं राहत होती तिथं आज गाजरगवत राहतं.

राग आला ना? यायलाच हवा. नवल मात्र वाटलं नसेल. या शहरात साध्या कमाईच्या माणसाला घर मिळत नाही, हे हिंगोलीत कुणी कुणाला समजावून सांगायची वेळ कधीच गेली. म्हणून भाडं, डिपॉझिट, वाळू, सिमेंट यांवर या पत्रकात एकही ओळ नाही. त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. आमचं भांडण एकाच गोष्टीशी आहे: प्लॉट घ्यायचा आणि ठेवून द्यायचा, या आपल्या शहराच्या लाडक्या उद्योगाशी.

संध्याकाळी शहराच्या कडेला एखाद्या मंजूर ले-आऊटमध्ये चक्कर मारून या. मुरमाचे रस्ते आहेत, विजेचे खांब आहेत, नंबर रंगवलेले दगड आहेत. घरं? चार इथं, दोन तिथं. मध्ये वेडी बाभूळ, पावसाळ्यात डबकी, त्यात लोळणारी डुकरं. आता आणखी दोन शेतं ओलांडून पलीकडे जा. तिथं घराला घर चिकटलंय. तिथं एनए नाही, मंजूर नकाशा नाही, रजिस्ट्री नाही. गुंठा-अर्धा गुंठा जागा बाँडवर घेतलेली, वर पत्रे. मंजूर जागा ओस आणि नामंजूर जागा ओसंडून वाहणारी. आणि सरकारदरबारी ‘अनधिकृत’ ठरतो तो मात्र पलीकडचा, जो राहतो. जो राहतच नाही त्याचे कागद एकदम चोख!

ही गुंठेवारी नियमित करायला 2001 साली कायदा आला. 2021 मध्ये तो दुरुस्त करून मुदत 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. वीस वर्षांत दोनदा माफी द्यावी लागली. पण लोक मंजूर ले-आऊट ओलांडून पलीकडे का गेले, हे विचारण्याची तसदी कुणी घेतली नाही. हौस होती का त्यांना, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी जायची?

हा उद्योग चालतो कसा, तेही एकदा मोकळेपणाने लिहू. शेतकरी जमीन एकराने विकतो. एकराचे चौरस फूट होतात 43,560. रस्ते, ओपन स्पेस वगैरेंसाठी निम्मी जमीन सोडली असं धरा, तरी 21,780 चौरस फूट विकायला उरते. भाव फुटाला हजार रुपये धरा. (“हजारात कुठं मिळतो हो?” असं म्हणून हसू नका, हिशेब सोपा जावा म्हणून धरलाय.) झाले 2 कोटी 17 लाख 80 हजार. त्यातलं शेतकऱ्याच्या हाती किती पडलं, ते पारावर बसलेल्या त्या शेतकऱ्यालाच विचारा.

पण ही पहिली विक्री झाली. खरी गंमत पुढे. पहिला माणूस इसार देतो आणि सहा महिन्यांची, वर्षाची मुदत घेतो. मुदत संपायच्या आत तोच सौदा फुटामागे शे-दोनशे चढवून दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. दुसरा तिसऱ्याच्या. खरेदीखत होतं शेवटच्याच्या नावावर, मधल्यांची नावं कुठल्याच दस्तात नाहीत. मधल्यांनी ना मुद्रांक शुल्क भरलं, ना वीट रचली, ना कधी तो प्लॉट पाहिला. त्यांना विचारा, प्लॉट पूर्वेला तोंड करून आहे की पश्चिमेला? सांगता येणार नाही. भाव मात्र पैशापर्यंत पाठ असतो.

आणि शेवटी ज्याला खरोखर राहायचंय तो येतो. त्याच्यासाठी हिशेब असा. हजाराच्या भावाने हजार फुटांचा प्लॉट दहा लाखांना पडतो. 2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. म्हणजे या एका प्लॉटची किंमत सुमारे 188 क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर! तो कितीदा मिळतो, हे मोंढ्यात माल घालणाऱ्याला माहीत आहे. मजुराचा हिशेब करू. त्याच वर्षी रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये. वर्षातले 300 दिवस काम मिळालं आणि घरात चूल पेटली नाही, तर दहा वर्षं आणि वर काही महिन्यांनी प्लॉट होतो. नुसता प्लॉट. वर आभाळ.

इथं कुणी तरी म्हणतंच: “घरकुल योजना आहे की!” आहे. पंतप्रधान आवास योजनेत शहरात स्वतः घर बांधणाऱ्याला अडीच लाख मिळतात, दीड केंद्राचे, एक राज्याचा. पण एक अट आहे: जागा स्वतःची हवी. ज्याच्याकडे जागा आहे त्याला बांधायला पैसे, आणि ज्याच्याकडे नाही त्याला शुभेच्छा.

भाव चढवायला निमित्त लागतं, आणि हिंगोलीला निमित्तांची वाण नाही. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, भाव चढले. 2016 मध्ये औंढ्याजवळ लायगोच्या वेधशाळेला तत्त्वतः मंजुरी मिळाली, 2023 मध्ये मंत्रिमंडळाने 2,600 कोटी मान्य केले. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात उठणाऱ्या लहरी तिथं मोजायच्या आहेत. आमच्या दलालांनी त्या लहरी आधीच मोजून फुटामागे लावून टाकल्या. 2024 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, पुन्हा भाव चढले. प्रत्येक वेळी सरकारी पैशाने काही तरी चांगलं आलं आणि त्याची मलई प्लॉट धरून बसलेल्याने खाल्ली. त्याने काय केलं? काही नाही. धरून बसला. सिद्धेश्वर धरणाचं पाणी, रस्ता, खांबावरचा दिवा हे सगळं आपल्या करातून त्याच्या फाटकापर्यंत गेलं. 2011 च्या जनगणनेत 85,103 माणसांचं हे गाव. एवढ्या गावाची नळयोजना दोन मोठ्या गावांइतकी लांब न्यावी लागते, कारण मधल्या प्लॉटांत तहान लागणारं कुणी नाही.

आता आक्षेप. “माझ्या कष्टाचा पैसा, मी कुठंही गुंतवीन.” गुंतवा की! सोनं घ्या, शेअर घ्या, म्हशी घ्या. तुम्ही तोळाभर सोनं कपाटात ठेवलं म्हणून शेजाऱ्याची लेकरं उघड्यावर येत नाहीत. जमिनीचं तसं नाही. सर्वे नंबर वाढत नाहीत.

“लेकरासाठी ठेवलाय.” हा आमचा सर्वांत नावडता आक्षेप, कारण तो डोळ्यांत पाणी आणून मांडला जातो. लेकरू पुण्यात आयटीत आहे, हिंजवडीत फ्लॅट घेतलाय, दिवाळीला दोन दिवस येतं आणि नेटवर्क नाही म्हणून चिडतं. ते हिंगोलीच्या प्लॉटवर घर बांधून राहणार आहे, यावर तुमचा तरी विश्वास आहे का? आणि एका लेकरासाठी पाच प्लॉट?

“परवडत नाही तर गावाकडं राहावं.” हे म्हणणाऱ्यांना एवढंच विचारायचं आहे की सकाळी सहाला तुमच्या दवाखान्यात झाडू मारणारी बाई सेनगावहून कितीला निघते?

एका माणसाशी मात्र आमचं वैर नाही. पगारातून काटकसर करून एकच प्लॉट घेतला, बांधकामाचे पैसे जमेपर्यंत तो मोकळा आहे, असा शिक्षक, कंडक्टर, पोलिस. तो आमच्याच रांगेतला आहे. त्याला पुढे करून मागे लपणाऱ्यांनी त्याचा खांदा सोडावा.

शेवटचा आक्षेप वकिली थाटाचा: “मालमत्तेवर मर्यादा घालता येत नाही.” खरं? 1961 च्या कमाल शेतजमीन धारणा कायद्याने कोरडवाहू शेतीवर कुटुंबाला 54 एकरांची मर्यादा आहे. उन्हात राबणाऱ्याला मर्यादा, तार ओढून घरी झोपणाऱ्याला नाही. शहरी जमिनीचा कायदा 1976 मध्ये आला, हिंगोलीला तो कधी लागला नाही आणि 2007 मध्ये राज्याने तोही मोडीत काढला. सिडको भाडेपट्ट्याने प्लॉट देते तेव्हा ठरावीक मुदतीत बांधायची अट असते, मुदत चुकली की जादा पैसे भरावे लागतात. दूर कॅनडातल्या व्हँकुव्हर शहराने 2017 पासून रिकाम्या घरांवर वेगळा कर लावला, आणि ते शहर काही साम्यवाद्यांचं नाही. मोठ्या ले-आऊटमध्ये 20 टक्के जागा लहान घरांसाठी ठेवण्याचा नियम महाराष्ट्रातही आहे, पण तो आणला गेला दहा लाखांवर वस्तीच्या महापालिकांसाठी. गरिबी मोजायला आधी दहा लाख माणसं जमवावी लागतात, हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

कायद्याची वाट बघायचीही गरज नाही. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात इमारतीइतकाच जमिनीवरही कर बसवता येतो. मोकळ्या प्लॉटला भाडं काय येणार, असं म्हणून त्याची किंमत चणे-फुटाण्यांत धरायची नाही, बाजारात जी बोलली जाते तिच्या जवळपास धरायची. बांधकाम न झालेल्या प्रत्येक वर्षाला कर वाढता ठेवायचा. पहिल्या प्लॉटला पाच वर्षं सूट, दुसऱ्यापासून नाही. कोणत्या ले-आऊटमध्ये किती प्लॉट किती वर्षं ओस आहेत, त्याची यादी दरवर्षी नगरपालिकेच्या फळ्यावर लावायची. जनगणनेत रिकामी घरं मोजतात, 2011 मध्ये देशातल्या शहरांत ती 1 कोटी 10 लाखांच्या घरात निघाली. रिकामे प्लॉट कुणी मोजतच नाही. आणि इसार दुसऱ्याला विकायचा असेल तर प्रत्येक वेळी दस्त नोंदवा, शुल्क भरा, मग खुशाल विका.

हे होणार नाही, कारण ठराव करणाऱ्यांचेच प्लॉट असतात, असं लोक म्हणतात. म्हणणं तपासायला फार कष्ट नाहीत. निवडणुकीला उभा राहणारा प्रत्येक उमेदवार शपथपत्र देतो. त्यात स्थावर मालमत्तेचा तक्ता असतो, आणि त्यात बिगरशेती जमिनीचा रकाना वेगळा असतो. तो वाचा. प्लॉट नंबर लिहून घ्या. मग एखाद्या रविवारी पोरांना घेऊन त्या नंबरावर जाऊन या, फोटो काढा आणि मत मागायला दारात आले की दाखवा.

आपला,
हिंगोलीतला एक भाडेकरू

(वाचून झाल्यावर पत्रक शेजारी द्या.)