चार्जरची तजवीज आधी

जुन्या मोटारीचे इंजिन उतरवून ती विजेवर चालविण्याचा संकल्प करणारे गृहस्थ मोटर आणि बॅटरी यांवर मुक्तहस्ताने खर्च करतात आणि चार्जरची निवड मात्र उरल्यासुरल्या रकमेवर सोपवितात, हे मला सर्वथा अनुचित वाटते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे 24 सेल एकसर जोडले, तर कमाल मर्यादा 87.6 व्होल्ट, म्हणजे सेलमागे 3.65, तेथे पोहोचताच प्रवाह क्रमशः घटविणे आणि बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचा, हुकूम येताच थांबणे ज्याला साधत नाही, तो शिसे-आम्ल बॅटरीचा जुना चार्जर फुकट मिळाला तरी वर्ज्यच. शिवाय घरातल्या 16 अँपिअरच्या सॉकेटवर रात्रभर पूर्ण भार टाकणे धोक्याचे. आतील पितळी पट्ट्या तापून प्लगचे प्लास्टिक तपकिरी पडलेले मी स्वतः पाहिले आहे. दोन-अडीच किलोवॉटांचा चार्जर घ्यावा आणि मोटार पहाटेपर्यंत सावकाश भरू द्यावी.