ग्रंथालयाची तालिका हा वैद्यांचाही विषय आहे

शास्त्राध्ययनास आरंभ करण्यापूर्वी शास्त्राचीच परीक्षा करावी, असा उपदेश चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात केला आहे. वैद्यकाचे अनेक ग्रंथ लोकांत प्रचलित असतात. त्यांचे गुणदोष पाहून त्यांतील योग्य तो निवडावा, हा त्याचा आशय. परंतु निवड करावयाची तर ग्रंथ आधी हाती आला पाहिजे. आजच्या विद्यार्थ्याच्या हाती तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून येतो, आणि ग्रंथालयात तो सापडतो तालिकेच्या आधारे. तालिका सदोष असेल तर कपाटात असलेला ग्रंथही नसल्यासारखाच होय.

शैक्षणिक ग्रंथालयांत तालिकीकरणाची नवी मानके येऊन एक तपाहून अधिक काळ लोटला. आयुर्वेद महाविद्यालयांनी ती स्वीकारावीत काय, आणि स्वीकारावयाची तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. हा ग्रंथपालांचा अंतर्गत विषय आहे, चिकित्सकांनी व औषधनिर्मात्यांनी त्यात लक्ष घालण्याचे कारण नाही, असे पुष्कळांस वाटेल. आमचे मत याच्या नेमके उलट आहे.

नव्या मानकांचे स्वरूप

जगातील अनेक ग्रंथालयांत अँग्लो-अमेरिकन तालिकीकरण नियमांची १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेली दुसरी आवृत्ती प्रचारात होती. ते नियम तालिकापत्रांच्या काळातील. पत्रावर जागा थोडी, म्हणून तीनपेक्षा अधिक लेखक असल्यास पहिल्याचेच नाव द्यावयाचे, प्रकाशनस्थळ अज्ञात असल्यास लॅटिन संक्षेप लिहावयाचा, अशी त्यांची काटकसरीची रीत होती. २०१० मध्ये 'रिसोर्स डिस्क्रिप्शन अँड ॲक्सेस' अर्थात आरडीए ही नवी नियमावली प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून ती अमलात आणली. संगणकात नोंद साठविण्यासाठी मार्क २१ हा आराखडा व लिपीसाठी युनिकोड, ही तिच्या जोडीची साधने होत.

या नियमावलीच्या मुळाशी एक विचार आहे. 'पुस्तक' या एकाच शब्दाने आपण चार निरनिराळ्या गोष्टी बोलत असतो, त्या वेगळ्या कराव्यात, असा तो विचार. ग्रंथकर्त्याने रचलेली कृती ही पहिली. त्या कृतीचा विशिष्ट पाठ अथवा अनुवाद ही दुसरी. विशिष्ट मुद्रणालयाने विशिष्ट वर्षी काढलेली आवृत्ती ही तिसरी. आणि आपल्या कपाटातील, पानांना वाळवी लागलेली किंवा कोणा गुरुजनांच्या हातच्या टिपा असलेली प्रत ही चौथी.

अष्टांगहृदयाचे उदाहरण घ्यावे. वाग्भटाचार्यांची मूळ रचना ही कृती. गणेश कृष्ण गर्दे यांचे 'सार्थ वाग्भट' हा तिचा मराठी अनुवाद, म्हणजे त्याच कृतीचे दुसरे रूप. अरुणदत्ताची सर्वांगसुंदरा आणि देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि याचे आयुर्वेदरसायन या टीका स्वतंत्र कृती असून मूळ ग्रंथाशी त्यांचे नाते टीकेचे आहे. हरिशास्त्री पराडकरांनी संपादिलेली, दोन्ही टीकांसह निर्णयसागर छापखान्याने १९३९ मध्ये काढलेली आवृत्ती हे त्यांचे एक मुद्रित रूप, आणि पुढे वाराणसीहून निघालेले पुनर्मुद्रण हे दुसरे. ही सर्व नाती नोंदीतच सांगितलेली असतील, तर हेमाद्रीची टीका शोधणाऱ्या विद्यार्थ्यास ती अष्टांगहृदयाच्याच एका आवृत्तीत आहे हे तत्काळ कळते. पुष्कळ ठिकाणच्या तालिकेत आज मुखपृष्ठावरचे नाव, संपादक आणि किंमत एवढेच असते. हेमाद्रीचे नावही नसते.

आपल्या ग्रंथांची आजची स्थिती

आपल्या महाविद्यालयांतील ग्रंथालयांकडे पाहिले असता प्रथम दिसते ते संख्येचे महत्त्व. तपासणीच्या वेळी ग्रंथ किती आहेत हे विचारले जाते. ते सापडतात काय, हे क्वचितच. दाखल नोंदवही चोख असते, तालिका मात्र तशी नसते.

नावांचा घोळ हा यातील सर्वांत मोठा दोष. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता यांच्या निर्णयसागर आवृत्त्यांचे संपादक वैद्य यादवजी त्रिकमजी आचार्य कोठे 'आचार्य' या नावाखाली, कोठे 'त्रिकमजी' खाली, तर कोठे 'यादवजी' खाली आढळतात. एकाच ग्रंथकर्त्याचे तीन ग्रंथकर्ते झाले. वाग्भटांच्या बाबतीत याच्या उलट घडते. अष्टांगसंग्रह आणि अष्टांगहृदय यांचा कर्ता एकच की दोन, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. रसरत्नसमुच्चयाचा वाग्भट तर नंतरच्या काळातील मानला जातो. तालिकेत मात्र तिन्ही ग्रंथ एकाच 'वाग्भट' नावाखाली गोळा केलेले असतात, आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधात रसशास्त्राचा विचार हृदयकारांच्या नावावर निःशंकपणे लिहितो.

रोमन लिपीने या गोंधळात भर घातली. अष्टांगहृदय हे नाव रोमन अक्षरांत चार प्रकारे लिहिले तर संगणकास ते चार ग्रंथ वाटतात. मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये केलेल्या नोंदी तर नव्या संगणकावर वाचताही येत नाहीत.

विषयाची गोष्ट याहून गंभीर आहे. आपल्याकडील बहुसंख्य महाविद्यालयांत ड्युई दशांश वर्गीकरण चालते. त्यात आयुर्वेदाचा अंक ६१५.५३८, म्हणजे उपचारपद्धतींच्या पोटातील एक अपूर्णांक. ज्या ग्रंथालयात सर्वच ग्रंथ आयुर्वेदाचे, तेथे या अंकाने काय साधणार? परिणामी कोणी प्रसूतितंत्राचा ग्रंथ ६१८ मध्ये पाश्चात्त्य प्रसूतिशास्त्राशेजारी ठेवतो, तर कोणी ६१५.५३८ मध्ये शल्यतंत्राशेजारी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांतही आयुर्वेदीय वैद्यकासाठी मुख्यतः एकच व्यापक शीर्षक आहे. अष्टांग आयुर्वेदाची आठही अंगे त्या एका शीर्षकात विरून जातात.

आमच्या माहितीतील एका महाविद्यालयास एका वयोवृद्ध वैद्यांच्या कुटुंबाने घरचा ग्रंथसंग्रह आदराने अर्पण केला. त्यात जुनी मराठी नियतकालिके होती आणि हस्तलिखित अनुभूत योगांच्या वह्याही होत्या. या सर्वांवर 'संस्कृत, संकीर्ण' अशी एकच नोंद पडली. संग्रह आजही तेथेच आहे, परंतु कोणी मागितला तर काय मागावे हे सांगणारे काहीही उपलब्ध नाही.

निघंटूंचा दाखला

तालिकीकरणाच्या नव्या मानकांत 'प्रमाण नामावली' हे फार महत्त्वाचे अंग आहे. एका व्यक्तीचे वा ग्रंथाचे एक नाव प्रमाण मानावयाचे, बाकी सर्व नावे त्यास जोडून ठेवावयाची आणि वाचकाने कोणतेही नाव घेतले तरी त्यास योग्य जागी न्यावयाचे, अशी ती योजना आहे. वैद्यांना हे नवे वाटण्याचे कारण नाही. आपले निघंटू दुसरे काय करतात? गुडूची, अमृता, छिन्नरुहा ही सर्व नावे एका द्रव्याशी बांधून भावप्रकाश ते द्रव्य एका वर्गात बसवितो. आणि 'अमृता' म्हटल्यावर गुळवेल घ्यावी की हरीतकी, हे संदर्भाने ठरवावे लागते याचीही आपणांस जाणीव असते. जी शिस्त आपण द्रव्यांना लावली, तीच ग्रंथांना लावावयाची आहे.

या देशात ग्रंथालयशास्त्राचाही मोठा वारसा आहे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण प्रसिद्ध केले. त्यात वैद्यकाच्या वर्गात आयुर्वेदाला एक पद्धती म्हणून स्वतंत्र स्थान आहे. शिवाय अभिजात मूळ ग्रंथ, त्याची टीका आणि टीकेवरील टीका ही एकाच जागी राहावीत यासाठी खास युक्ती योजलेली आहे. संहिता आणि तिच्या टीका या परंपरेसाठी याहून सोयीची कल्पना परदेशी पद्धतींत आम्हांस आढळलेली नाही.

औषधनिर्मात्यांचा संबंध

आमचे फार्मसीचालक वाचक विचारतील, यात आमचे काय? औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाण ग्रंथांची यादी आहे. ग्रंथोक्त औषधाचा परवाना घेताना योग त्यांतील ग्रंथातलाच असावा लागतो. परंतु अनुसूचीत मुख्यतः ग्रंथनामेच आहेत. एकाच ग्रंथाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत श्लोकांक बदलतात, पाठभेद असतात. लक्ष्मीविलास रसासारख्या एकाच नावाच्या योगाचे एकाहून अधिक पाठ ग्रंथांतरी मिळतात व घटकद्रव्येही भिन्न असतात. अशा वेळी संदर्भ कोणत्या आवृत्तीचा, हे निश्चित सांगता न आल्यास पत्रव्यवहारात महिने जातात. हा संदर्भ शोधावयास निर्माता शेवटी जवळच्या महाविद्यालयाच्याच दारी जातो.

एकस्वाच्या लढ्यांचा अनुभवही हेच सांगतो. हळदीच्या व्रणरोपण गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेलेले एकस्व वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने लेखी पुरावे सादर केल्यावर १९९७ मध्ये रद्द झाले. ज्ञान आपल्याकडे होते. ते तपासनिसांस सापडेल अशा रीतीने मांडलेले नव्हते. म्हणून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञान अंकीय ग्रंथालयाचे काम सुरू झाले आणि त्यासाठी आपल्या शास्त्रास अनुरूप असे सुमारे २५,००० उपविभागांचे स्वतंत्र वर्गीकरण रचले गेले. आंतरराष्ट्रीय एकस्व वर्गीकरणात वनस्पतिज औषधांसाठी पूर्वी अगदी मोजके विभाग होते. २००६ च्या आवृत्तीत ते सुमारे २०० झाले. आपण आपले वर्गीकरण नीट मांडले, तर जगाच्या वर्गीकरणातही जागा करून घेता येते, हे यातून सिद्ध झाले.

रोगनामांचेही तसेच. २०१७ मध्ये 'नमस्ते' पोर्टलवर आयुर्वेदीय व्याधींच्या प्रमाण संज्ञा आल्या, आणि जानेवारी २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांसाठीचा विभाग दिल्लीत जाहीर झाला. व्याधींना संकेतांक मिळाले. त्या व्याधी ज्या ग्रंथांत वर्णिल्या ते ग्रंथ मात्र 'संकीर्ण' राहिले.

काही आक्षेप

पहिला आक्षेप खर्चाचा. आरडीएची अधिकृत संगणकीय नियमावली वर्गणी भरून घ्यावी लागते, आणि ती लहान महाविद्यालयास जड आहे हे खरे. परंतु प्रत्येकाने ती घेण्याची गरज नाही. एका विद्यापीठाने अथवा महाविद्यालयांच्या गटाने घेऊन नमुना नोंदी कराव्यात व इतरांनी त्या वापराव्यात. न्यूझीलंडमध्ये निर्माण झालेली 'कोहा' ही प्रणाली विनामूल्य आहे. आपल्या इन्फ्लिबनेटची 'सोल' प्रणालीही शैक्षणिक ग्रंथालयांसाठीच केलेली आहे.

दुसरा आक्षेप, परदेशी नियमांत आपले शास्त्र कोंबू नये. या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु नोंदीचा साचा आणि नोंदीतील आशय या भिन्न गोष्टी आहेत. साचा सर्वांचा एक असावा, म्हणजे नोंदींची देवाणघेवाण होते. आशय कोणाचा असावा हे आपण ठरवावयाचे आहे. तो आपण ठरविला नाही, तर दुसरा कोणी ठरवील.

तिसरा आक्षेप असा की, आता सर्व ग्रंथ संगणकावर मिळतात, तालिका हवी कशाला? ज्यांनी संपादक, वर्ष व आवृत्ती यांवाचून फिरणाऱ्या स्कॅन प्रती पाहिल्या आहेत, त्यांस याचे उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

आमच्या सूचना

नवी मानके स्वीकारावीत, परंतु आयुर्वेदाच्या अटींवर, असे आमचे मत आहे. त्या दृष्टीने चार गोष्टी त्वरित करण्याजोग्या वाटतात.

१) ग्रंथ, ग्रंथकार व टीकाकार यांची प्रमाण नामावली देवनागरीत तयार करावी. जेथे मतभेद आहेत तेथे दोन्ही मते नोंदवावीत. ग्रंथपालावर निर्णयाचा भार टाकू नये.

२) महाविद्यालयांतील अंतर्गत मांडणीसाठी अष्टांगे व प्रचलित अभ्यासविषय यांवर आधारित एकच विस्तार सर्वत्र वापरावा. ड्युईचा अंक बाहेरच्या देवाणघेवाणीसाठी कायम राहू द्यावा.

३) नोंदी युनिकोड देवनागरीत असाव्यात व त्यांत टीका, अनुवाद, आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांचे नाते स्पष्ट लिहावे. आरंभ पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांपासून करावा. ते काम आटोपशीर आहे आणि त्याचा लाभ औषधनिर्मात्यांस लगेच मिळेल.

४) संहिता व रसशास्त्र विभागांतील अध्यापकांनी ग्रंथपालांसोबत बसावे. ग्रंथपाल नियम जाणतात, वैद्य ग्रंथ जाणतात. एकट्याने हे काम होणारे नाही.

जिल्हा शाखांनी आपल्या भागातील जुन्या वैद्यांच्या घरी असलेल्या संग्रहांची यादी करावी, अशी आमची विशेष विनंती आहे. प्रत्येक ग्रंथाचे नाव, संपादक, छापखाना, वर्ष आणि समासातील हस्तलिखित टिपा आहेत किंवा नाहीत, एवढे पाच रकाने पुरेत. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या काळापासून मराठी वैद्यांनी जे लिहिले, छापले आणि समासात टिपून ठेवले, ते पुढील पिढीस मागता येईल अशा रीतीने नोंदविणे हे आज हयात असलेल्या वैद्यांनाच शक्य आहे. समासातील अक्षर कोणाचे, हे ओळखणारी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत.