सीडीच्या डबीला घरचे कव्हर

शीळफाट्याकडच्या चाळींत आम्ही जातो तेव्हा कपाटातून अजून सीड्या निघतात. प्रल्हाद शिंदे यांची गाणी बाजारात पुन्हा मिळतील. पण आपल्या वस्तीतल्या गायन पार्टीची दुसरी प्रत कुठून आणणार?

डबीतला कागद गेला की लोक सीडीवरच बॉलपेनने नाव लिहितात. तसे करू नये. माहितीचा थर चकचकीत बाजूला नसून नावाच्या बाजूला, अगदी वर असतो. तिथे ओरखडा पडला की आवाज गेलाच.

त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरचा कागद घ्या, खर्च शून्य. पुढचे कव्हर १२ सेंमीचा चौकोन. मागचे १५.१ बाय ११.८ सेंमी, लांबीच्या दोन्ही टोकांना साडेसहा मिलिमीटरची घडी, म्हणजे डबी उभी ठेवली तरी कडेवरचे नाव दिसते. आधी संपलेल्या रिफिलने पट्टी धरून रेघ ओढा, घडी सरळ येते. सीडी बसते तो साचा अलगद उचलून हे कव्हर त्याखाली ठेवा. डिंक लागत नाही.

वर काय लिहायचे? कोण गायले, पेटीवर कोण, गाव, साल. हे सांगणारी म्हातारी माणसे घरात आहेत तोवर त्यांना शेजारी बसवूनच लिहा.