भोवऱ्याचा हिशेब

चहा ढवळून चमचा काढा. भोवरा काही सेकंदांत गप्प. पण उणे 271 अंशांखाली गारठवलेल्या हेलियममध्ये भोवरा थांबायचं नावच घेत नाही, बॉस! कापित्झा आणि ॲलन-मिसनर यांनी 1938 साली दाखवलं, की हे द्रव बारीक फटीतूनही न अडखळता वाहतं.

हे मला पांढरकवड्यात, भर मे महिन्यात, कूलरसमोर बसून भाच्याने ऐकवलं. वर सवाल : ‘मामा, एकेका अणूले कसं कळते का आपल्याले वाहाचं आहे?’

कळत नाहीच. त्या थंडीत अणू सुटे वागत नाहीत, असंख्य अणूंची मिळून एकच लाट होते (मूळ गणित आपल्या सत्येंद्रनाथ बोसांचं). लाटेची फेज जागोजागी किती झपाट्याने बदलते, त्यावर प्रवाहाचा वेग ठरतो. एक चक्कर मारली की लाट स्वतःशी तंतोतंत जुळायलाच हवी. म्हणून भोवरा एक, दोन, तीन अशा पूर्ण मापाचा. दीड मिळत नाही. ऑन्सागरने हे 1949 मध्ये सुचवलं, फाइनमनने 1955 मध्ये सविस्तर मांडलं. गंमत म्हणजे, बारीक भोवरे हजारोंनी जमले की लांबून ते बादलीत गरगरणाऱ्या साध्या पाण्यासारखेच दिसतात!

भाच्याला फिजिक्समध्ये बीएस्सी करायचंय, ताईला आयटीच हवं. ईएमआयवाला मी, तरी मत भाच्याला. कुलाब्याच्या टीआयएफआरमधल्या मंडळींनी बिस्मथ अर्ध्या मिलिकेल्विनला अतिवाहक होतं हे शोधलं, 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आलं, हेही ताईला सांगितलं.

‘पगार किती देतात?’ तिने विचारलं.